पीठ माझं आहे

शहाडच्या पुलाजवळ एक छोटं नर्सिंग होम आहे आणि त्याच्या तळमजल्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे. मला लोक बाळकाका म्हणतात. माझं वय बघता या नावाची आता मलाच गंमत वाटते. वर कोण ॲडमिट झालं, कोणाचं बाळंतपण अडलं, कोणत्या पेशंटचा मेहुणा भांडतोय, हे सगळं मला गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं. कळलं नाही तर मी स्वतः वर जाऊन बघून येतो. बायको याला भोचकपणा म्हणते. मी धंद्याची गरज म्हणतो.

तर या नर्सिंग होममधल्या रसिका सिस्टरांबद्दल मला लिहायचंय. ही बाई मला फार आवडते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला पक्षपाती म्हणायला नको.

सिस्टर मूळच्या डोंबिवलीच्या. त्यांच्या आईचं तिथे पोळी-भाजी केंद्र होतं. पोळ्या लाटायला आजूबाजूच्या बायका यायच्या, भाजायलाही त्याच असायच्या, पण पीठ मात्र आई स्वतः मळायची. एखादं गिऱ्हाईक पोळी कडक झाली म्हणून तणतणत आलं आणि लाटणाऱ्या बाईकडे बोट दाखवायला लागलं, की आई मध्ये पडायची. म्हणायची, "तिला काही बोलायचं नाही. पीठ माझं आहे." मग गिऱ्हाईक गेल्यावर त्या बाईला काय सुनवायचं ते सुनवायची, पण गिऱ्हाइकासमोर एक शब्द नाही. हे मला सिस्टरांनीच एकदा दुकानात उभ्या उभ्या सांगितलं होतं, हसत हसत. तेव्हा मी ते फार मनावर घेतलं नव्हतं.

नर्सिंगचा पूर्ण कोर्स करून, ठाण्याला माजिवड्याकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बरीच वर्षं काढून सिस्टर आमच्याकडे आल्या. टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं, तिथून शहाड जवळ पडायचं. त्या यायच्या आधी आमच्या नर्सिंग होममध्ये कसं चालायचं ते सांगतो, आणि आमचंच नाही, अशा छोट्या जागी बहुतेक ठिकाणी असंच चालतं. शिकलेली नर्स एक, फार तर दोन. बाकी सगळ्या मावश्या. सकाळी लादी पुसणारी मावशी दुपारी सलाइन काढायची आणि संध्याकाळी इंजेक्शन द्यायची. पेशंटच्या नातेवाइकांना काही फरक पडायचा नाही. अंगात कोट दिसला की त्यांच्या लेखी ती सिस्टर. आमच्या मालकीणबाई, डॉक्टर मैथिली मॅडम, स्वभावाने चांगल्या, पण त्यांनाही याची सवय झाली होती. "हाताखाली तयार झाल्यात सगळ्या," असं त्या कौतुकाने सांगायच्या.

रसिका सिस्टर आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेवंती मावशीच्या हातातलं इंजेक्शन काढून घेतलं.

शेवंती म्हणजे आमच्या मावश्यांमधली सगळ्यात हुशार बाई. जुन्नरकडची, नवरा कल्याणला रिक्षा चालवायचा. आधी दुसऱ्या एका दवाखान्यात ती कामाला होती आणि तिथे तिला सगळे शेवंती सिस्टर म्हणायचे. हात हलका होता तिचा. कितीतरी पेशंट तिच्याकडूनच सुई टोचून घ्यायचा हट्ट धरायचे. अशा बाईच्या हातातून पेशंटसमोर सिरिंज काढून घेतली म्हटल्यावर ती भडकणारच. तणतणत खाली आली, माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाली, "बाळकाका, मी काय काल आलेय का? इतकी वर्षं देतेय मी इंजेक्शन. एक तरी पेशंट मेलाय का माझ्या हातून?"

मी तिचीच बाजू घेतली. मला वाटलं, आली ही ठाण्याची शहाणी, आता सगळ्यांना नियम शिकवणार. थोड्या वेळाने सिस्टर स्वतः खाली आल्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे अर्ध्या रस्त्याला ऐकू गेलं.

"शेवंतीताई, तुमचा हात चांगला आहे, मी बघितलाय. पण इंजेक्शन दिल्यावर पेशंटला रिअ‍ॅक्शन आली, श्वास अडकला, तर पुढे काय करायचं ते तुम्हाला कोणी शिकवलंय का?"

शेवंती काउंटरवरची गोळ्यांची पाकिटं सरळ करायला लागली.

"नाही ना? मग वाईट झालं तर तुमच्यावर ढकलून सगळे मोकळे होतील. मॅडम नाही अडकणार. तुम्ही अडकाल."

शेवंतीला हे पटलं की नाही मला माहीत नाही. चेहरा तर तिने तसाच फुगवून ठेवला होता. पुढचे कित्येक दिवस ती सिस्टरांशी कामापुरतंच बोलायची. सिस्टर हाक मारताना "शेवंतीताई" म्हणायच्या आणि ही मान न वळवता "हां" म्हणायची.

आता खरं कौतुक इथून पुढे आहे. काम काढून घेणं कोणालाही जमतं. सिस्टरांनी मावश्यांना काम दिलं, आणि ते कसं दिलं ते बघण्यासारखं होतं. एकदा मी कसलंसं बिल द्यायला वर गेलो, तर सिस्टर स्वतः पेशंटच्या बेडवर आडव्या! अंग अगदी सैल सोडलेलं. आणि बाजूला सगळ्या मावश्या गोळा झालेल्या.

"मला लकवा मारलाय," सिस्टर छताकडे बघत म्हणाल्या. "उठता येत नाही, बोलता येत नाही. मला कुशीवर वळवा."

मावश्यांनी खी खी करत त्यांना ओढलं. सिस्टर ओरडल्या, "अगं आई गं, खांदा निघाला माझा! अशी ओढणार पेशंटला?" मग उठून करून दाखवलं, हात कुठे घालायचा, गुडघा कसा दुमडायचा. परत आडव्या झाल्या, परत वळवून घेतलं. प्रत्येकीकडून. जिचं बरोबर आलं, तिच्याकडे त्या दिवसापासून ते काम. जिला जमलं नाही, तिला दुसऱ्या दिवशी परत. भरवणं, अंग पुसणं, धरून चालवणं, ताप बघणं, सगळं असंच. आधी त्यांनी करून दाखवायचं, मग मावशीने त्यांच्यावर करायचं, मग पेशंट. एका मावशीने त्यांना पेज भरवताना इतकी घाई केली की सिस्टरांना जोराचा ठसका लागला, आणि सगळ्या मावश्यांना ठसका म्हणजे काय ते आयुष्यभरासाठी कळलं.

सलाइनच्या बाबतीत मात्र सक्त हुकूम होता. बाटली संपत आली की हाक मारायची. सुईला हात लावायचा नाही. एकदा शेवंतीने जुन्या सवयीने लावला. नातेवाईक घाई करत होते, पेशंटला बाथरूमला जायचं होतं, हिने सलाइन बंद करून नळी काढली. काही बिघडलं नाही, कोणी बघितलंही नाही. पण तिला राहवलं नाही, जाऊन सांगितलं. सिस्टर चिडल्या, चांगल्या चिडल्या. हात नीट धुतले होतेस का, नळीचं टोक कुठे टेकवलंस, सगळं विचारलं. मग स्वतः जाऊन पेशंटचा हात बघून आल्या. आणि वर म्हणाल्या, "केलंस म्हणून रागावले. सांगितलंस म्हणून चहा पाजते. लपवलं असतंस तर तुझ्याशी बोलले नसते." त्या दिवशी शेवंतीताईची शेवंती झाली. दोघींनी माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर चहा प्यायला. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग ती अंगारकी आली.

आमच्याकडे मोठी ऑपरेशनं करायला ठाण्याहून एक सर्जन येतात. हात सोन्याचा, जीभ मिरचीची. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून इथपर्यंत पोचेस्तोवर त्यांचं डोकं आधीच तापलेलं असतं. त्या मंगळवारी राघो पाटलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. राघो म्हणजे शहाड गावातले जुने पाटील, पूर्वी भातशेती होती, आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. माणूस साधा, ऑपरेशनला मात्र लहान मुलासारखा घाबरलेला.

भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. पोटात काही असलं आणि बेशुद्धीत ते उलटून छातीत गेलं, तर माणूस जाऊ शकतो. सिस्टरांनी राघोंवर लक्ष ठेवायचं काम शेवंतीकडे दिलं होतं, आणि मला वाटतं ते योग्यच होतं, कारण तिच्याइतकी कडक मावशी दुसरी नव्हती. "चहा नाही, बिस्कीट नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही," सिस्टरांनी तिला बजावलं, आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. शेवंती सकाळपासून दारात स्टूल टाकून बसली होती. राघोंचा पुतण्या चहाचा थर्मास घेऊन आला, त्याला तिने जिन्यावरूनच परत पाठवलं. शेजारच्या बेडवाल्याने बिस्कीट पुढे केलं, त्याला झापलं. राघोंनी चूळ भरायला पाणी मागितलं, तर ते थुंकेपर्यंत ही समोर उभी.

आणि मग राघोंच्या बायकोने, सखुबाईंनी, टिटवाळ्याहून प्रसाद आणला.

अंगारकीला टिटवाळ्याची रांग काय असते ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. त्या बाई पहाटेपासून अनवाणी उभ्या राहिल्या होत्या, फक्त नवऱ्याचं ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून. खव्याचा मोदक आणि बाटलीत तीर्थ. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "बाय, यो बाप्पाचा परसाद हाय. त्यांचे तोंडान घाल, मंग ने आतमदी."

जी बाई पाण्याचा घोट अडवत होती, तिने तो मोदक दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि स्वतः राघोंना भरवला. घशात अडकू नये म्हणून वर तीर्थ पाजलं. तुम्ही हसाल. मी नाही हसलो. आमच्याकडे उपासाच्या दिवशी सुद्धा प्रसाद कोणी मोजत नाही. मधुमेहाची गोळी न्यायला आलेली माणसं माझ्याच काउंटरवर प्रसादाचा पेढा तोंडात टाकतात आणि मी काही बोललो की म्हणतात, "काका, प्रसाद आहे." प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, आणि ऑपरेशनच्या दिवशी, अंगारकीला, तर नाहीच नाही. शेवंतीच्या मनात ते खाणं म्हणून आलंच नाही.

मी त्या वेळी ऑपरेशनला लागणारं सामान घेऊन वर गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. शेवंती ट्रॉली ढकलत थिएटरच्या दाराशी आली. सिस्टरांची पद्धत अशी, की दारात त्या पेशंटला विचारायच्या आणि मावशीलाही विचारायच्या. राघो घाबरून नुसती मान हलवत होते.

"पोटात काय गेलं, शेवंती?"

"काही नाही, सिस्टर."

ट्रॉली अर्धी आत गेली. आणि शेवंतीने ती धरून थांबवली. तिच्या तोंडाचा रंगच गेला. तिला त्या क्षणी काय आठवलं कोण जाणे, बहुतेक पेज भरवतानाचा तो ठसका. तिने गप्प बसायचं ठरवलं असतं तर कोणाला कळलं नसतं, टेबलावर कळायचं ते कळेपर्यंत.

"सिस्टर, प्रसाद दिलाय मी. मोदक. तीर्थ पण दिलंय."

सर्जन आत हात धुवून तयार. त्यांनी ते ऐकलं आणि मग जे काही झालं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ओले हात वर धरून ते बाहेर आले आणि ओरडायला लागले. ट्रॅफिक, वाया गेलेला दिवस, अडाणी बायका, सगळं निघालं. मैथिली मॅडम धावत आल्या. सर्जन म्हणाले, "ही बाई इथे असेल तर मी पुन्हा येणार नाही. माणूस मारला असता हिने!" ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागत होतं. शेवंती भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात गुंडाळून.

हे सर्जन यायचे बंद झाले तर नर्सिंग होमचं अर्धं काम बंद. मॅडमनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा शेवंतीकडे. म्हणाल्या, "शेवंती, तू घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

"मॅडम, थांबा," रसिका सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "काम मी दिलं होतं तिला. मी चहा सांगितला, पाणी सांगितलं. प्रसाद सांगितला नाही."

"हे काय सांगायला लागतं?" सर्जन गरजले.

"लागतं, सर. मी टिटवाळ्याला राहते. आज अंगारकी आहे, हे मला घरातून निघतानाच दिसत होतं, रस्ताभर माणसं होती. प्रसाद येणार, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. तिच्या नाही, माझ्या. लाटलं तिने असेल, पीठ माझं आहे."

सर्जनना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. मला मात्र डोंबिवलीचं ते पोळी-भाजी केंद्र डोळ्यांसमोर दिसलं.

"कोणाला घरी पाठवायचं तर मला पाठवा," सिस्टर म्हणाल्या. "पण एक बघा. हिने स्वतः तोंड उघडलं म्हणून राघोकाका आत्ता जिवंत पडलेत इथे. आज हिला काढलंत, तर उद्या दुसऱ्या मावशीच्या हातून असंच काही झाल्यावर ती बोलेल का? ती गप्प बसेल, मॅडम. मग आपल्याला टेबलावर कळेल."

मागून शेवंतीचा रडवेला आवाज आला. "नाय सर, सिस्टरांची काय चुकी नाय. मी दिला. माझ्याच हाताने दिला."

"तू गप्प बस," सिस्टर तिच्यावर खेकसल्या. "तुझ्याशी मी नंतर बोलणारेय."

ट्रॉलीवर आडवे पडलेले राघो हळूच म्हणाले, "मना घरी धाडा, मी कवा सांगितला का माजा ऑपरेशन करा म्हनून?" आणि मॅडमना हसू आवरलं नाही. सर्जन हसले नाहीत. पण हात खाली घेतले आणि म्हणाले, "उद्या सकाळी. पहिली केस हीच. आणि पोट रिकामं पाहिजे." मॅडमनी सिस्टरांना एवढंच सांगितलं, की पुन्हा असं झालं तर तुम्ही दोघी जाल. सिस्टर म्हणाल्या, चालेल.

नंतर त्या शेवंतीशी काय बोलल्या ते मला माहीत नाही. दार लावून बोलल्या आणि त्यांचा आवाज दाराबाहेर आला नाही, म्हणजे बराच गंभीर मामला असणार. दुसऱ्या दिवशी राघोंचं ऑपरेशन नीट झालं. त्याच आठवड्यात शेवंती माझ्या दुकानावरून एक स्टीलचा मोठा डबा घेऊन वर गेली. घरचा, कडीचा. तो तिने वॉर्डच्या दारात देवाच्या फोटोखाली ठेवला. तेव्हापासून कोणाच्या पेशंटसाठी प्रसाद आला, अंगारा आला, दर्ग्यावरची शिरणी आली, की ते आधी त्या डब्यात जातं. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा ज्याचं त्याला मिळतं. कोणी कुरकुर केली तर शेवंती सांगते, "बाप्पा काय पळून जात नाय." लोक ऐकतात. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

सर्जन मात्र बराच काळ शेवंतीकडे बघायचे नाहीत. ती समोरून आली तरी भिंत आल्यासारखे बाजूने निघून जायचे. शेवंती म्हणायची, "जाऊ दे, काका. त्यांचं पण बरोबरच होतं."

गेल्या पावसाळ्यानंतर रसिका सिस्टरांच्या पोटात दुखायला लागलं. दुसऱ्यांना उपदेश करणारी ही बाई स्वतः माझ्याकडून गुपचूप गोळ्या नेत होती. मी दोनदा दिल्या आणि तिसऱ्यांदा सरळ मॅडमना जाऊन सांगितलं. पित्ताशयात खडे निघाले. सिस्टरांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. ऑपरेशन आमच्याकडेच करायचं ठरलं, त्याच सर्जनच्या हातून. मॅडम म्हणाल्या, ठाण्याला मोठ्या ठिकाणी करू, तिथे सगळी सोय आहे. सिस्टर म्हणाल्या, "तिथे शेवंती आहे का?"

त्या सकाळी माझ्या बायकोने टिटवाळ्याचा मोदक पुडीत बांधून दिला. मी मुकाट्याने वर गेलो आणि दारातल्या डब्याचं झाकण उघडून ठेवून दिला. शेवंती स्टुलावर बसली होती, तिथूनच बघत होती. आत सिस्टर बेडवर आडव्या होत्या आणि तोंड कोरडं पडलंय म्हणून कुरकुरत होत्या. शेवंतीने ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपले, बस, तेवढंच. मग ट्रॉलीवर घेताना तिने त्यांना कुशीवर वळवलं, हात बरोबर जिथे घालायचा तिथे घालून. मी बघितलं, सिस्टरांनी अंग अगदी सैल सोडलं होतं.

थिएटरच्या दारात सर्जन उभे होते. सवयीने सिस्टरच बोलायला लागल्या, "सर, पेशंटने रात्रीपासून..."

"तुम्ही गप्प बसा," सर्जन म्हणाले. "तुम्ही पेशंट आहात."

आणि ते शेवंतीकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"मावशी, पोटात काय गेलं?"

"काही नाही, सर. पाणी नाही, चहा नाही. प्रसाद डब्यात आहे."

त्यांनी मान हलवली आणि दार उघडून धरलं. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले आणि शेवंतीने ट्रॉली आत ढकलली.